आजीच्या गच्चीवरची पांढरी जाळी

प्रिय सानू,

रविवारी आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना तू तीन प्रश्न विचारलेस. गच्चीवर साड्यांवर पसरलेली ती पांढरी जाळी कसली? सगळ्या काकू आजीकडेच का जमल्यात? आणि पापड दुकानात मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? मी "उन्हाळ्याचं वाळवण" म्हणून मोकळा झालो. ते काही उत्तर नव्हे, नुसतं नाव झालं.

ती जाळी म्हणजे कुरडई. पुण्यात मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत वाळवणाचा हंगाम असतो. एप्रिलच्या दुपारी पारा ३८-४०ला टेकतो, पण पदार्थ वाळतात ते नुसत्या उन्हाने नाही. हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेलसुद्धा तासाभरात कडक होतो. आपल्याकडे न्यू जर्सीत जुलैचं ऊन कमी नसतं, पण हवा घामट. म्हणून इथे कुरडई वाळायच्या आधी आंबते.

कुरडईला गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. एक दिवस जरी विसरलं तरी वास येतो आणि कुरडई पिवळट पडते. चौथ्या दिवशी गहू वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळला की चोथा वर राहतो आणि खाली दुधासारखं पाणी उतरतं. ते रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळी ओतून दिली की तळाशी घट्ट पांढरा थर उरतो, तो चीक. तो वाटीने मोजायचा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी, फार तर पाव वाटी जास्त, हिंग-मीठ घालून उकळायचं आणि चीक धारेने ओतत, न थांबता घाटायचा. मीठ आळणी वाटेल इतकंच हवं, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. नवशिक्यांच्या कुरडया खारट होतात त्या इथेच.

चीक शिजला हे रंगावरून कळतं. पांढराशुभ्र असतो तो राखाडी, काचेसारखा दिसू लागतो, आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. मग झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ द्यायची. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा चुरा होतो. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून पडतो. कोमट झाला की घट्ट होतो आणि दांडा दाबता दाबता मनगट दुखायला लागतं. म्हणजे एकीने घाटायचं, दुसरीने सोऱ्या भरायचा, तिसरीने साडीवर गोल गोल घालत जायचं, आणि हे सगळं एकाच वेळी. हे काम एकटीचं नाहीच. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. गप्पा होतात, भरपूर होतात, पण बायका गप्पांसाठी जमतात हे वरवरचं झालं.

उरलेलं निम्मं उत्तर पापडात आहे. एक किलो उडदाच्या पिठाला साधारण ३० ग्रॅम पापडखार, ५० ग्रॅम मीठ, २०-२५ ग्रॅम जाडसर कुटलेले मिरे आणि चमचाभर हिंग. खार आणि मीठ पाण्यात उकळून, गार करून, गाळून त्याच पाण्यात पीठ भिजवायचं. हे पीठ कणकेसारखं मऊ नको, चांगलं घट्ट हवं. तासाभराने तेलाचा हात लावून ते कुटायचं, बत्त्याने किंवा वरवंट्याने, पांढरट होऊन रबरासारखं ताणेपर्यंत. (हे काम बहुतेक घरांत आजोबा-काकांच्या गळ्यात पडतं. तुला बाप्ये दिसले नाहीत कारण ते खाली स्वयंपाकघरात घाम गाळत होते.) मग पिठाची लांब वळकटी करून तिला दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं ओढायची, सुरीने कापलं तर लाटी दबते, दोऱ्याने गोल राहते. किलोभर पिठाचे शंभर-सव्वाशे पापड होतात.

पंचाईत अशी की या लाट्या उघड्यावर काही मिनिटांतच वाळायला लागतात. वर साय धरली की पापड लाटताना काठाला चिरतो. एकटी बाई तीन-चार तास लाटत बसली तर शेवटच्या लाट्या दगड झालेल्या असतात. सहा जणी सहा पोळपाट घेऊन बसल्या की पाऊण तासात काम खलास, आणि शेवटचा पापड पहिल्याइतकाच पातळ. किती पातळ? खालच्या साडीची बुट्टी पापडातून दिसली पाहिजे. मध्ये पातळ आणि काठ जाड ही नेहमीची चूक. भाजताना मध्ये करपतो आणि काठ कच्चा राहतो. पापडखार कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर तळल्यावर लाल होतो आणि जिभेला खारा-कडसर लागतो.

गंमत म्हणजे कुरडईला कडक ऊन लागतं आणि उडदाच्या पापडाला ते सोसत नाही. थेट उन्हात पापड वाकडे होतात, तडकतात. ते घरात पंख्याखाली किंवा सावलीत वाळवून शेवटी तास-दोन तास ऊन दाखवतात. म्हणून तुला पापड दिसले नाहीत; ते आजीच्या हॉलमध्ये पलंगावर होते.

या मदतीला पैसे नसतात, पण हिशेब असतो. आज आजीकडे, परवा दुसऱ्या मजल्यावर. जी दोनदा आली तिच्याकडे दोनदा जायचं, आपलं पोळपाट-लाटणं आपण घेऊन. खेड्यात शेतकरी एकमेकांच्या शेतावर असेच आळीपाळीने राबतात, त्याला सावड म्हणतात; ही त्याचीच शहरी बहीण. ज्यांच्या घरचं काम असेल त्यांनी चहा द्यायचा, पापडाच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या आणि कुरडईच्या दिवशी दूध-साखर घातलेला गरम चीक. मुलं राखणीला तयार होतात ती या चिकाच्या आशेने. ज्यांना खाली बसवत नाही अशा आज्या खुर्चीवर बसून पापड मोजतात आणि उलटतात. कुणाचा पापड जाड झाला तर तोंडावर बोलायचं नाही. तो गुपचूप वेगळ्या चवडीत ठेवायचा आणि आधी संपवायचा.

आता सोसायट्यांच्या गच्च्यांवर सोलरचे पॅनल आणि पाण्याच्या टाक्या आल्या आहेत, दाराला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. त्यामुळे आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज पडतो: उद्या सहाला कुरडया, किल्ली घेऊन ठेवली आहे. संध्याकाळीच फरशी धुऊन घेतात, नाहीतर धूळ चिकटते. सकाळी आठच्या आत सगळं घालून व्हायला हवं, त्यानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. कबुतरं हा दुसरा वैताग. त्यांना हाकलायला जुन्या सीड्या दोरीला टांगतात, दोन दिवस त्या चमचमाटाला घाबरतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच दोरीवर बसतात.

पण खरी धांदल वळवाची. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन-चारच्या सुमाराला ढग अचानक काळे होतात, धुळीचा लोट उठतो आणि दहा मिनिटांत टपोरे थेंब. ज्याला आधी दिसेल त्याने जिन्यात ओरडायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं उचलायचं. माझं-तुझं नंतर. कुणाचं काय ते साडीवरून ओळखू येतं, म्हणून प्रत्येक घराची वाळवणाची साडी ठरलेली. अर्धवट वाळलेल्या कुरडया मात्र तशाच गुंडाळून ठेवायच्या नाहीत, लगेच घरात पंख्याखाली मोकळ्या करायच्या. रात्रभर चवड राहिली तर आंबूस वास येतो आणि काळे ठिपके पडतात. तसल्या कुरडया टाकूनच द्यायच्या, तळून काही त्या सुधारत नाहीत. चांगलं ऊन मिळालं तर तीन दिवसांत कुरडई मोडताना कट्‌ असा आवाज येतो. वाकली तर अजून एक ऊन. मग हिंगाचा खडा घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि त्या डब्याला ओला हात लावायचा नाही.

राहिला तिसरा प्रश्न. पूर्वी पावसाळ्यात भाजी कमी मिळे, तेव्हा हे डबे कामाला येत. आता भाजी बारा महिने मिळते, त्यामुळे ते कारण बरंचसं उरलेलं नाही. विकतचा पापडही वाईट नसतो. उलट तोही गच्चीवरच जन्मला: १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोच पुढे लिज्जत पापड. कुरडईचं मात्र वेगळं आहे. विकतची कुरडई बहुधा जाड आणि खारट असते, आणि गरम चीक तर कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

आपण जुलैमध्ये कुरडईच्या वाटेला जायचं नाही, साबुदाण्याच्या पापड्यांपासून सुरुवात करू. एक वाटी साबुदाणा रात्री दोन वाट्या पाण्यात भिजत घाल. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात मीठ, जिरं आणि वाटलेली मिरची टाकायची, साबुदाणा घालून पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. गरम असतानाच प्लास्टिकवर पळीने पुरीएवढ्या पापड्या घालायच्या, फार पातळ नकोत, नाहीतर सोडवताना फाटतात. एक दिवस डेकवर ऊन द्यायचं आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. दुसऱ्या दिवशी ट्रे गाडीत काचेखाली ठेवायचा आणि गाडीच्या काचा बोटभर उघड्या ठेवायच्या, कारण वाफ बाहेर गेली नाही तर पापड्या नुसत्या उकडतील. तरीही ओल राहिली तर ओव्हन सगळ्यात कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून. शेजारच्या दोन्ही घरी आधी विचारून ठेव, पळ्या चार लागतील. आणि इथे कबुतरांचं काम खारी करतात, तेव्हा डेकवरची राखण तुझी.

तुझा,
बाबा