टॉरेंटचा वेग पडतो, तेव्हा कंपनीवर ठपका ठेवण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की लिनक्स या संगणक-प्रणालीची आयएसओ फाइल (सगळी प्रणाली एकाच फाइलमध्ये) टॉरेंटने, म्हणजे एका सर्व्हरऐवजी अनेकांच्या संगणकांवरून तुकड्या-तुकड्यांनी, उतरवताना पहिली एक-दोन मिनिटे वेग उत्तम मिळतो, मग तो एकाएकी कोसळतो. स्पीड टेस्ट मात्र त्याच वेळी पूर्ण वेग दाखवते. इंटरनेट पुरवणारी कंपनी टॉरेंट मुद्दाम रोखत आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तशी शक्यता आहे, परंतु तुम्ही दिलेल्या माहितीवरून तसे म्हणता येत नाही, आणि स्पीड टेस्टचा आकडा तर येथे जवळजवळ निरुपयोगी आहे. ती चाचणी काही सेकंदच चालते आणि जवळच्या, पुष्कळदा कंपनीच्याच जाळ्यातल्या सर्व्हरशी चालते. टॉरेंट मात्र एकाच वेळी अनेक अनोळखी संगणकांशी बोलत असते आणि त्यांतल्या प्रत्येकाची अपलोडची कुवत वेगळी असते.

सर्वांत आधी स्वतःचा अपलोड तपासा. डाउनलोडची पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, पोहोचली की तुमच्या संगणकाला त्यांची पोच परत पाठवावी लागते, आणि ही पोच अपलोडच्याच वाटेने जाते. टॉरेंटने ती वाट मिळालेले तुकडे इतरांना वाटण्यात पुरती भरून टाकली की पोच राउटरच्या रांगेत अडकते, समोरचा संगणक पोच न आल्यामुळे हात आखडता घेतो आणि डाउनलोडही बसतो. सुरुवातीला तुमच्याकडे वाटण्याजोगे तुकडेच नसतात, म्हणून पहिली मिनिटे झकास जातात. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. मी स्वतः या एका कारणापायी महिनाभर कंपनीच्या तक्रार विभागाशी वाद घातला होता, आणि अखेरीस अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या पाऊण पट ठेवताच सगळे सुरळीत झाले. त्या विभागातल्या लोकांची मी अजून माफी मागितलेली नाही. नव्या क्लायंटमध्ये (टॉरेंट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) यूटीपी ही पाठवण्याची पद्धत असते, जी रांगेतला विलंब मोजून स्वतःच मागे सरते. पण समोरचा क्लायंट टीसीपी या इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर या शहाणपणाचा उपयोग होत नाही.

एवढे करूनही वेग पडत असेल, तर मग कंपनीकडे पाहू. तीच आयएसओ फाइल त्याच वेळी एखाद्या मिरर सर्व्हरवरून, म्हणजे फाइलची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, साध्या डाउनलोडने घ्या आणि दोन्हींचे आलेख पाहा. गर्दीमुळे पडलेला वेग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो, तर कंपनीने बांधून दिलेला वेग बहुधा पट्टीने आखल्यासारखा एका पातळीवर सपाट राहतो, आणि मध्यरात्री गर्दी ओसरली तरी ती पातळी हलत नाही. त्यानंतर व्हीपीएन (तुमची वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू आणि बंद करून, दहा-दहा मिनिटांच्या आळीपाळीने, निदान तीन संध्याकाळी हेच मोजा. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका, कारण व्हीपीएनमुळे वाहतुकीचा मार्गही बदलतो, आणि कंपनीचा नेहमीचा मार्ग तुंबलेला असला तर कोणतीही गाळणी नसताना व्हीपीएनवर वेग वाढू शकतो.

जोडण्या मंदावण्याऐवजी तुटत असतील, तर वायरशार्क हा पॅकेटे नोंदवून दाखवणारा प्रोग्राम उघडा. टीसीपीमध्ये ‘जोडणी मोडा’ असे सांगणारे आरएसटी पॅकेट असते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर तो एकाने घटतो. एखाद्या पीअरची (समोरच्या संगणकाची) सगळी पॅकेटे ४९ टीटीएल घेऊन येत असताना आरएसटी तेवढे ६१ घेऊन आले, तर ते वाटेत कोणीतरी त्या पीअरच्या नावाने घुसडले असावे, असा संशय घ्यायला जागा आहे. पक्का पुरावा मात्र दुसऱ्या टोकाचीही नोंद मिळाली तरच होतो: दोघांनाही आरएसटी मिळाले आणि दोघांपैकी कोणीही ते पाठवले नाही.

अमेरिकेतील कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीचे प्रकरण असेच उघडकीस आले. तिचे ग्राहक रॉब टोपोल्स्की यांनी २००७ मध्ये पॅकेटे तपासून कंपनी बनावट आरएसटी पाठवते हे दाखवले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची फाइल बिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोटोकॉलने (देवाणघेवाणीच्या नियमांनी) पाठवून पाहिली, तेव्हा तिलाही तोच अनुभव आला. कंपनीने आधी इन्कार केला, नंतर आपण जोडण्या केवळ लांबणीवर टाकतो, अशी शब्दांची कसरत केली. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी दळणवळण आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने तो आयोगाच्या अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द केला, पण तोपर्यंत कंपनी प्रोटोकॉल न पाहता, गर्दीच्या वेळी सर्वाधिक वापर करणाऱ्यांना मागे ठेवणाऱ्या पद्धतीकडे वळली होती. माझ्या मते ही दुसरी पद्धत न्याय्य आहे. केबलच्या जाळ्यात अपलोडची वाट अरुंद आणि अनेक घरांत वाटलेली असते, त्यामुळे कंपनीची अडचण खोटी नव्हती. खोटेपणा होता तो दुसऱ्याच्या नावाने पॅकेट धाडण्यात.

क्लायंटमधले एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करण्याची सोय) चालू केले की प्रश्न मिटेल का, असेही तुम्ही विचारले आहे. चालू जरूर करा, पण फार आशा ठेवू नका. साध्या बिटटॉरेंटचा हँडशेक, म्हणजे जोडणीचा पहिला संदेश, ६८ बाइटचा असतो, त्याचा पहिला बाइट १९ आणि पुढे प्रोटोकॉलचे नावच लिहिलेले असते, त्यामुळे तो ओळखणे अगदीच सोपे आहे. एन्क्रिप्शनमुळे ही खूण झाकली जाते. मात्र एकाच घरातून एकाच वेळी शेकडो पत्त्यांशी दोन्ही दिशांना चाललेली वाहतूक झाकता येत नाही, आणि आजची उपकरणे नेमकी तीच पाहतात. पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) बदलण्याच्या सल्ल्याने तर ६८८१ हा जुना पोर्ट अडवणाऱ्या कंपनीलाच चकवता येते.

तक्रार करायची झाल्यास ‘टॉरेंट चालत नाही’ असे लिहू नका, कारण त्यावर तुम्हाला राउटर बंद करून चालू करायला सांगतील. तारीख, वेळ, व्हीपीएनसह आणि व्हीपीएनशिवाय मोजलेले आकडे द्या, आणि आपल्या योजनेत वाहतुकीच्या प्रकारानुसार वेग कमी केला जातो का, या एकाच प्रश्नाचे उत्तर लेखी मागा.