जुन्या बेसबॉलचे आकडे कसे वाचायचे?

प्रश्न : क्रिकेटमध्ये ५०ची सरासरी थोर मानतात. मग बेसबॉलमध्ये टेड विल्यम्सच्या .४०६चं एवढं कौतुक कशासाठी?

उत्तर : ही सरासरी धावांची नाहीच. हिटच्या संख्येला अधिकृत ॲट-बॅटने (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या खेपांनी) भागायचं, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस (धाव पुरी करायला ओळीने गाठायचा टप्पा) गाठण्याचं प्रमाण मिळतं. दहांत तीनदा जमलं तरी फलंदाज उत्तम. हिशेब चुकतो तो भाजकात. वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला किंवा चेंडू अंगाला लागला, तर ती खेप ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेस मिळाला, तर मात्र ॲट-बॅट वाढतं, हिट वाढत नाही. बोस्टन रेड सॉक्सच्या विल्यम्सला १९४१मध्ये जवळपास दीडशे वॉक मिळाले. ते भाजकात घातले, तर आकडा पार कोसळतो.

त्या वर्षी २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात मोसमाचे शेवटचे दोन सामने होते. तोवर विल्यम्सचे ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट झाले होते, म्हणजे .३९९५५. तो बाहेर बसला असता, तरी नोंदीत .४०० लागलं असतं. तो दोन्ही सामने खेळला आणि आठपैकी सहा हिट मारले. १८५ भागिले ४५६, .४०६. शिवाय उंच फटक्यावर स्वतः बाद होऊन तिसऱ्या बेसवरच्या साथीदाराला धाव काढू दिली, तर आज ॲट-बॅट लागत नाही, १९४१मध्ये लागायचं. आजच्या नियमाने त्याचा आकडा आणखी वर गेला असता. अमेरिकन आणि नॅशनल या मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये त्यानंतर कोणीही .४०० गाठलेलं नाही. एका मोसमातली याहून मोठी फलंदाजी आम्हाला दिसत नाही.

प्रश्न : बेब रूथ आधी पिचर (गोलंदाज) होता, हे खरं का?

उत्तर : खरं, आणि अव्वल दर्जाचा. १९१६मध्ये बोस्टनसाठी त्याने २३ सामने जिंकले (संघाच्या विजयाचं श्रेय एका पिचरच्या नावावर नोंदतात). दर नऊ डावांमागे १.७५ अर्जित धावा (क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे झालेल्या वगळून) दिल्या. लीगमध्ये त्याहून कमी कोणाच्याच नव्हत्या. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडे गेल्यावर १९२०मध्ये त्याने ५४ होमरन (फलंदाजाला थेट धाव मिळवून देणारे, बहुधा सीमेपलीकडचे फटके) मारले. अमेरिकन लीगमधल्या इतर सातपैकी एकाही संघाच्या सगळ्या खेळाडूंचे मिळून तेवढे झाले नाहीत. त्याच वर्षी चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी आली, आणि ऑगस्टमध्ये फलंदाज रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावल्यानंतर पंच मळका चेंडू लगेच बदलू लागले. याचा फायदा सगळ्याच फलंदाजांना झाला. रूथने मात्र १९१९मध्ये, जुन्याच परिस्थितीत, २९ मारले होते.

प्रश्न : कारकिर्दीतली सर्वोच्च सरासरी टाय कॉबची की जॉश गिब्सनची?

उत्तर : मे २०२४पासून अधिकृत नोंद गिब्सनची, .३७२. त्यावेळी नीग्रो लीगचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजर लीगच्या नोंदींत सामावले गेले आणि कॉब .३६७वर दुसरा झाला. म्हणून जुन्या पुस्तकांत कॉबच पहिला सापडेल. नीग्रो लीगचे मोसम छोटे होते, हे खरं. पण वर्णभेदामुळे मेजर लीगचं दार गिब्सनला बंद होतं. जानेवारी १९४७मध्ये तो वारला, आणि ही बंदी मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या डॉजर्स संघाकडून उतरला त्याच वर्षी १५ एप्रिलला.

प्रश्न : पिचर साय यंगचे ५११ विजय कोणी मागे टाकेल का?

उत्तर : नाही. सलग २५ वर्षं दर मोसमात २० सामने जिंकले, तरी ५००च होतात. यंगने ७४९ सामने एकट्याने शेवटपर्यंत टाकले. आजचा पिचर साधारण पाचव्या दिवशी उतरतो आणि बहुतेकदा सहाव्या-सातव्या डावापर्यंत बदलला जातो.