पुढे नेले, मागील पानावरून

प्रश्न : मी २४ वर्षांची, बी.कॉम. झालेली. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत तीन वर्षं लिपिक आहे. आमचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं. महिनाअखेरीला त्यातून सगळ्या खात्यांच्या बाकीचा रिपोर्ट टेक्स्ट फाइलमध्ये निघतो, साधारण ११० पानं. तो एक्सेलमध्ये भरायला आम्हा दोघींना तीन दिवस लागायचे. यूट्यूबवर पायथन शिकून मी प्रोग्राम लिहिला, आता काम पाच मिनिटांत होतं. साहेब म्हणतात, “हे तर कॉपी-पेस्टच.” ओळखीतल्या एकाने पुण्यातला दीड लाखाचा डेटा सायन्सचा कोर्स सुचवलाय. नोकरी सोडून जाऊ का? रिपोर्टचं एक पान, माझा प्रोग्राम आणि त्यातून तयार झालेली शीट सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुझा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. आधी हे सांगतो, की हे कॉपी-पेस्ट नाही.

तुमचा रिपोर्ट मुळात कागदावर छापण्यासाठी रचलेला. माथ्यावर संस्थेचं नाव, तारीख, पान नंबर, खाली तुटक रेघ, मग खाती, आणि तळाशी पुढे नेलेली बेरीज. डोळ्यांना सोयीचं, पण संगणकाला ती नुसती ओळींची सरमिसळ. त्यातून खरी खात्याची ओळ कोणती हे तू सुरुवातीच्या खाते क्रमांकावरून ओळखलंस. एका बचत गटाचं नाव रकान्यात मावलं नाही, म्हणून ‘गट’ एवढाच शब्द खालच्या ओळीवर एकटा पडलाय. तो तू वरच्या नावाला नेऊन जोडलास. हे यूट्यूबवर कुणी शिकवत नाही. ते पान महिनोन् महिने हाताने उतरवलं म्हणून तुला सुचलं.

पण एक चूक आहे आणि ती गंभीर आहे. रकमेतले स्वल्पविराम काढताना तू रकमेच्या शेवटची ‘डीआर’ (डेबिट, म्हणजे नावे) ही अक्षरंही त्याच झटक्यात काढून टाकलीस. त्यामुळे कॅश क्रेडिट कर्जाचं १२,५०० नावे असलेलं खातं तुझ्या शीटमध्ये १२,५०० जमा होऊन बसलंय. एक्सेल तक्रार करत नाही. शीट दिसायला स्वच्छ, आणि संस्थेला येणं असलेली रक्कम देणं ठरलेली.

ही चूक पकडायचं साधन तुझ्याच रिपोर्टमध्ये होतं आणि तू ते कचरा समजून गाळलंस. पानाच्या तळाशी ‘पुढे नेले’, पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. ते आकडे फेकू नकोस, वेगळे जपून ठेव. प्रोग्रामने प्रत्येक पानानंतर नावे आणि जमा यांची स्वतः बेरीज करावी आणि छापील आकड्याशी पैशापैशाने ताडून पाहावी. जुळली नाही तर एक्सेल फाइल तयारच करू नये, कितव्या पानावर फरक पडला तेवढं सांगून थांबावं. किर्दीवरून खतावणी केली की तेरीज, म्हणजे नावे-जमेचा ताळा, जुळवल्याशिवाय आपण उठत नाही ना? तोच नियम इथे लाव. आणि बेरजेसोबत खात्यांची संख्याही मोज. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही, कारण मजकूर फाइलींतली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळल्या. आलेल्या आणि उतरलेल्या ओळी कुणी मोजल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं.

याबाबतीत मी इतका आग्रही का, तेही सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कार्यालयात पगाराची यादी मी एक्सेलमध्ये घेतली. काहींचे खाते क्रमांक १६ अंकी होते. एक्सेल संख्येतले १५ अंकच नेमके राखतं, सोळाव्या जागी शून्य घालतं. दिवाळीच्या तोंडावर १४ जणांचा पगार परत आला. त्यातले एक शिपाईकाका दोन दिवस माझ्या टेबलापाशी येऊन नुसते उभे राहायचे. तेव्हापासून खाते क्रमांक मी कधीही संख्या म्हणून घेतलेला नाही, नेहमी मजकूर म्हणूनच. तूही तसंच कर, म्हणजे सुरुवातीची शून्यंही जाणार नाहीत.

आता कोर्स. दीड लाख घालू नकोस आणि नोकरीही सोडू नकोस. अशा बहुतेक वर्गांत साफसूफ केलेले तक्ते हातात देतात आणि त्यावर मॉडेल चालवायला शिकवतात. तुझं बळ त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. चांगला प्रोग्रामर शंभर सापडतील, पण अनामत आणि तारण कर्ज यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागतो. तुला तो झोपेतही कळतो.

त्या पायरीवर काम भरपूर आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. नवं सॉफ्टवेअर बसवणं सोपं, जुन्या बाक्या त्यात बिनचूक नेणं अवघड. पतसंस्था, नागरी बँका, साखर कारखाने, सगळीकडे सॉफ्टवेअर बदलताना हेच दुखणं. या कामाला डेटा मायग्रेशन म्हणतात. लेखापरीक्षकांच्या कार्यालयांनाही असं माणूस हवं असतं.

म्हणून माझा सल्ला असा. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबशास्त्राच्या पदविकेची, परीक्षा दे. बी.कॉम.ला अभ्यास फार परका वाटणार नाही, आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचं दार उघडेल. सोबत नोकरी सांभाळून रोज तासभर कोड. आधी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले ठरावीक नमुने शोधायची पद्धत, नीट शीक, तुझ्या प्रोग्राममधल्या अर्ध्या ‘इफ’च्या अटी त्यातच विरघळतील. मग पांडाज, पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन. ठरावीक रुंदीच्या रकान्यांचा मजकूर वाचायची सोय त्यात तयार आहे, तुझ्या रिपोर्टसाठी जणू बेतलेली. त्यानंतर एसक्यूएल, डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. पायथनचे मराठीतले धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मोफत आहेत. पदवीचाच कागद हवासा वाटला तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. नोकरी न सोडता करता येतो, पण ती घाई आज नाही. साहेबांना पटवायला वाद घालू नकोस. पानवार ताळ्याचा कागद दर महिन्याला शीटसोबत त्यांच्या टेबलावर ठेव.

शेवटचं, थोडं कडक बोलतो. तू पाठवलेल्या पानावर खऱ्या खातेदारांची नावं आणि शिल्लक होती, शीटमध्येही. मी ती पुसून टाकली. असं पुन्हा कुणालाही पाठवू नकोस, मलाही नाही. गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम लोकांना दाखवायच्या वेबसाइटवर, तुझा प्रोग्राम ठेवशील तेव्हा सोबत बनावट नावांचा आणि बनावट रकमांचा रिपोर्ट स्वतः रचून ठेव, त्यात मुद्दाम एक ‘गट’ खालच्या ओळीवर पाड आणि दोन खाती नावे ठेव. मुलाखत घेणाऱ्याला तेवढं पुरेल. पतसंस्थेत लोक म्हातारपणाचे पैसे ठेवतात, त्यांची बाकी शेजाऱ्याला कळता कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं भानही ठेव.

आणि मागच्या महिन्यांच्या शीट आजच उघडून नावे खाती तपास. कुठे चूक पुढे गेली असेल तर साहेबांना तू स्वतः सांग, दुसऱ्या कुणी दाखवायच्या आत. दुरुस्त केलेला प्रोग्राम पुढच्या महिनाअखेरीला चालव. बेरीज जुळली नाही, तर त्या पानाची रचना बनावट नावांनी लिहून मला पाठव, आपण दोघं मिळून बघू.