वाचकांचे प्रश्न : जोडीतला एक माईक दबका का वाजतो?

प्रश्न : परभणीत आमचा छोटा स्टुडिओ आहे, भजनी मंडळांचं काम जास्त. सत्तरच्या दशकातले दोन नॉयमन यू ८७ माईक आहेत. त्यातला एक हळू वाजतो, टाळांची चमक येत नाही आणि पावसाळ्यात मधूनच कुरकुरतो. कॅप्सूल (आवाज पकडणारा पडदा असलेला भाग) बदलावी का?

उत्तर : एवढ्यात नको. कॅप्सूल सगळ्यात महाग, तिला हात सगळ्यात शेवटी. आधी दोन्हींचे स्विच सारखे करा : पॅटर्न कार्डिऑइड (फक्त समोरचा आवाज घेणारा), १० डेसिबलचा पॅड (पातळी कमी करणारा स्विच) आणि लो-कट (खालचे सूर कापणारा) बंद. मग केबल आणि चॅनल आलटून-पालटून बघा. दोष केबलबरोबर सरकला, तर माईक ठीक आहे.

माईक काढून केबलच्या टोकाला फँटम (मिक्सरमधून केबलवाटे माईकला मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा) मोजा. पिन १ ते २ आणि १ ते ३, दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट हवेत. जुन्या यू ८७ ची कॅप्सूल थेट फँटमवर चार्ज होते. तिला ४८ ऐवजी ३६ व्होल्टच मिळाले, तर निव्वळ त्यानेच पातळी अडीच डेसिबलनं उतरते.

आता तुलना. स्पीकरपासून अर्ध्या मीटरवर एकाच जागी आळीपाळीनं माईक लावा, पिंक नॉइज (सगळे सूर असलेला चाचणीचा खरखराट) वाजवा आणि पातळी ०.२ डेसिबलपर्यंत जुळवा. हे टाळू नका. मोठा वाजणारा माईक कानाला नेहमी सरस वाटतो. पातळी जुळल्यावर दोन्ही सारखे वाटले आणि फरक नेमका ६ डेसिबल निघाला, तर आतली आउटपुटची २००/५० ओहमची जोडणी वेगळी असणार.

पण तुमची कुरकुर ओलीची आहे, असं आमचं मत. कॅप्सूलजवळचे रेझिस्टर गिगाओहमचे असतात. उन्हाळ्यात बसलेल्या धुळीवर जूनमध्ये दमट हवा आली, की चार्ज तिथून गळतो. माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा. कुरकुर थांबली, तर सर्किट बोर्डाचा तेवढा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पुसून पूर्ण वाळवा. नंतर बोट लावू नका. कॅप्सूलवर मात्र अल्कोहोल, कापूस, फुंकर यांतलं काहीही नको. सोन्याचा मुलामा दिलेला तो पडदा जेमतेम सहा मायक्रॉनचा असतो.

कॅप्सूलवर मल्टिमीटर लावून घाबरू नका. १० मेगाओहमचा मीटर एक गिगाओहमच्या रेझिस्टरपुढे अर्धा व्होल्टच दाखवतो. व्होल्टेज रेझिस्टरच्या अलीकडे, म्हणजे पुरवठा येतो त्या बाजूला मोजा.

वाळवूनही चमक आली नाही, तर पडद्यावर थुंकीचा थर असेल. तो जाणकार कारागिराकडूनच काढून घ्या. एफईटी (कॅप्सूलचा क्षीण सिग्नल पुढे नेणारा ट्रान्झिस्टर) बदलावा लागला, तर बायस (त्याचं कामाचं व्होल्टेज) नव्यानं लावून घ्या. नाहीतर पखवाजाच्या जोरकस थापेला आवाज फाटेल.

प्रश्न : नव्या यू ८७ एआयपेक्षा जुना यू ८७ खूप हळू वाजतो. बिघडला आहे का? (अंबाजोगाई)

उत्तर : नाही. कार्डिऑइडवर जुन्याची संवेदनशीलता पास्कलला ८ मिलिव्होल्ट, एआयची २८. म्हणजे जवळजवळ ११ डेसिबलचा फरक मुळातच आहे. जुन्याला तेवढा गेन वाढवून द्या.