मेल सर्व्हर पडला की घाईने उभा करू नका

तुमची परिस्थिती मी अशी समजतोय: पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांवर चालणारा कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर, साठेक मेलबॉक्स, सगळे मेलडिर पद्धतीत, म्हणजे प्रत्येक मेल एक वेगळी फाइल. काल संध्याकाळी डिस्क गेली. रोज रात्री आरसिंकने (फाइली कॉपी करणारं साधन) दुसऱ्या डिस्कवर जाणारी प्रत शाबूत आहे. साहेब म्हणतात तासाभरात काहीही करून चालू करा, आणि तुम्हाला धास्ती आहे की तोवर येणारे मेल हरवतील.

ती धास्ती आधी सोडा. बंद सर्व्हर मेल हरवत नाही, अर्धवट उभा केलेला सर्व्हर हरवतो. तुमचा सर्व्हर फोन उचलत नसला की पाठवणारा सर्व्हर मेल आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेल पाठवण्याचे नियम ठरवणाऱ्या आरएफसी 5321 मध्ये हे प्रयत्न साधारणपणे किमान 4-5 दिवस चालू ठेवायला सांगितलं आहे, आणि पोस्टफिक्सची मूळ मुदत 5 दिवसांची आहे. सगळे इतकं थांबत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइनची मुदत 24 तासांची आहे, आणि तुमचे बरेच ग्राहक नेमके तिथेच असणार. म्हणून हिशोब असा धरा: पोर्ट 25 वर, म्हणजे बाहेरचे सर्व्हर जिथे मेल आणून देतात तिथे, मेल स्वीकारणं एका दिवसाच्या आत सुरू व्हायला हवं. बाकी सगळ्याला त्याहून जास्त वेळ लागला तरी चालेल. साहेबांनाही हेच आणि याच शब्दांत सांगा. त्यांना तासाचा हट्ट नसतो, कुणीतरी ठाम वेळ सांगावी इतकंच हवं असतं.

आता अर्धवट सर्व्हर काय करतो ते बघा. नवीन मशीनवर पोस्टफिक्स टाकलं, सुरू केलं, पण युजरची यादी अजून आलेली नाही. तेवढ्यात बाहेरून मेल आला की पोस्टफिक्स 550 म्हणजे ‘असा कुणी नाही’ असं उत्तर देतं. हा कायमचा नकार आहे. पाठवणाऱ्याच्या रांगेतून मेल निघून जातो, त्याला बाउन्स (मेल पोहोचला नाही असा परतीचा निरोप) मिळतो, आणि एखाद्या मेलिंग यादीने तर तुमचा पत्ताच काढून टाकलेला असतो. यावर उपाय एका ओळीचा आहे. सर्व्हिस सुरू करण्याआधीच कॉन्फिगमध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ हा पर्याय ‘यस’ करा. मग 5 ने सुरू होणारे नकार 4 ने सुरू होणारे, म्हणजे ‘नंतर या’ असे होतात. सगळं स्थिर झालं की आठवणीने काढा, नाहीतर खरोखर चुकीच्या पत्त्यावर पाठवणाऱ्यांना दिवसेंदिवस काही कळत नाही.

दुसरा धोका मला याहून मोठा वाटतो, कारण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीत, सर्व्हर जे सांगेल तेच खरं, क्लायंटकडची (मेल वाचायच्या प्रोग्रॅमकडची) प्रत म्हणजे फक्त सावली. तुम्ही रिकामे मेलबॉक्स घेऊन सर्व्हर सुरू केलात आणि आउटलुक जोडलं गेलं, की आउटलुक इमानदारीने स्वतःकडची प्रतही पुसतं. थंडरबर्डही तेच करतं. तुमच्या बाबतीत हे जास्तच गंभीर आहे: परवा रात्रीचा आरसिंक ते काल संध्याकाळची डिस्क, या मधल्या वेळात आलेल्या मेलची प्रत बॅकअपमध्ये नाही. ती आज फक्त लोकांच्या लॅपटॉपवर आहे.

म्हणून फायरवॉलवर 143, 993 (आयमॅप), 110 आणि 995 (पॉप, म्हणजे मेल उतरवून घेण्याची पद्धत) हे पोर्ट बंद ठेवा, वेबमेलही बंद. फक्त 25 उघडा. मग लोकांच्या मशीनकडे वळा. आउटलुक ‘वर्क ऑफलाइन’ वर टाकून कालचे मेल पीएसटीत (आउटलुकच्या सुट्या फाइलीत) एक्सपोर्ट करा. नुसती ओएसटी फाइल (आउटलुकची स्थानिक प्रत) उचलून ठेवू नका, ती दुसऱ्या प्रोफाइलमध्ये सरळ उघडत नाही. थंडरबर्ड असेल तर ते बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर कॉपी करा. सगळ्यांचं आज जमणार नसेल तर आधी विक्री, खरेदी आणि लेखा.

गेलेल्या डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका. डिस्क अजून दिसत असेल तर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून वाचेल तेवढं काढणारं साधन) तिची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या, मॅप फाइलसकट (कुठवर वाचलं याची नोंद), म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढून चालू होतं. जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतिमेच्या कॉपीवर. त्यातून कालचं मेलडिर हाती लागलं तर वरची अर्धी धावपळ वाचेल. पोस्टफिक्सची रांगही त्यात असेल आणि ती मोलाची आहे, कारण तुमच्या लोकांनी पाठवलेले पण बाहेर न गेलेले मेल फक्त तिथे असतात. मात्र रात्रीच्या बॅकअपमधली जुनी रांग कधीही परत टाकू नका, त्यातले मेल केव्हाच पोहोचलेले असतात आणि ग्राहकांना दुसऱ्यांदा जातात.

आता डेटा परत टाकताना. मेल ठेवणाऱ्या सिस्टिम युजरचा यूआयडी आणि जीआयडी (युजरचा आणि गटाचा क्रमांक) जुन्या मशीनवर होता तोच ठेवा. प्रत्येक फोल्डरमधली डोव्हकॉटची यूआयडी-लिस्ट फाइल (इथे यूआयडी म्हणजे प्रत्येक मेलचा क्रमांक) मेलबरोबर आली आहे ना, ते तपासा. ती नसेल तर सगळे क्लायंट आपली जुनी प्रत टाकून पूर्ण मेलबॉक्स पुन्हा उतरवतात, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असं सेटिंग असलेल्या पॉपवाल्यांकडे सगळे मेल दुप्पट होतात. मेलडिरच्या इंडेक्स फाइली मात्र खुशाल सोडा, डोव्हकॉट त्या पुन्हा बांधतं. (एमडीबॉक्स या डोव्हकॉटच्या दुसऱ्या साठवण पद्धतीचं तसं नाही. तिथे वाचले-न वाचलेचे फ्लॅग इंडेक्समध्येच असतात, त्यामुळे बॅकअपमध्ये इंडेक्सही हवेतच.)

एक बारीक जागा इथे आहे. समजा परत आलेल्या यादीत शेवटचा क्रमांक 5000 आहे, पण काल दिवसभरात 5040 पर्यंत मेल आले होते आणि क्लायंटने ते पाहिलेत. आता नवा मेल आला की सर्व्हर त्याला 5001 देणार. क्लायंट म्हणेल हा माझ्याकडे आहे, आणि नवा मेल दाखवणारच नाही. असे ‘गायब’ मेल शोधणं फार त्रासाचं असतं, कारण सर्व्हरवर मेल दिसतो. त्यामुळे 25 उघडण्याआधीच डोव्हअ‍ॅडमच्या ‘मेलबॉक्स अपडेट’ने (डोव्हकॉटची व्यवस्थापनाची आज्ञा) पुढचा किमान यूआयडी बराच वर ढकला, हजाराने ढकलला तरी बिघडत नाही. तो पर्याय तुमच्या आवृत्तीत नसेल तर यूआयडी व्हॅलिडिटी (जुने क्रमांक अजून वैध आहेत का ते क्लायंटला सांगणारा आकडा) बदला. मग क्लायंट सगळं नव्याने उतरवतील, वेळ लागेल पण गोंधळ होणार नाही. दोन्ही मार्गांत क्लायंटकडचे कालचे मेल पुसले जातात, म्हणून आधी एक्सपोर्ट. नंतर ते लोकांनी स्थानिक फोल्डरमधून इनबॉक्समध्ये ओढले की सर्व्हरवर चढतात.

नवा आयपी घेत असाल तर एसपीएफ (या डोमेनचे मेल कुठून पाठवता येतात याची नोंद) आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) दोन्ही बदलून घ्या. ॲमेझॉनवर मशीन घेतलंत तर बाहेर जाणारा पोर्ट 25 मुळातच बंद असतो, तो उघडून घ्यायला अर्ज करावा लागतो. आणि डोमेन रजिस्ट्रारचं लॉगिन याच डोमेनच्या मेलवर असेल तर आजच ते बाहेरच्या पत्त्यावर हलवा. पासवर्ड रिसेटची लिंक बंद सर्व्हरवर येते तेव्हा खरोखर हात बांधले जातात.

पुढच्या बॅकअपविषयी. चालू मेलडिरवर थेट आरसिंक चालवणं मला पटत नाही. मेल वाचला की ‘न्यू’ (new) फोल्डरमधून ‘कर’ (cur) फोल्डरमध्ये जातो, फ्लॅग बदलला की फाइलचं नावच बदलतं, त्यामुळे कॉपी चालू असताना काही मेल हुकतात. एलव्हीएम किंवा झेडएफएसचा स्नॅपशॉट (डिस्कचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) घ्या, तो माउंट करा, आणि त्यावरून बोर्ग किंवा रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने प्रत काढा. मेलबरोबर पोस्टफिक्स-डोव्हकॉटचं कॉन्फिग, युजर डेटाबेस, डीकेआयएमची (बाहेर जाणाऱ्या मेलवरच्या डिजिटल सहीची) खाजगी किल्ली, सीव्हचे (मेल आपोआप लावण्याचे) नियम आणि राउंडक्यूब या वेबमेलचा डेटाबेस घ्या. लोकांच्या पत्त्यांची वही राउंडक्यूबमध्येच असते, आणि मेल परत मिळूनही ती गेली तर त्यांना तेच जास्त लागतं. लॉगही घ्या. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत.

दुसरा सर्व्हर डीसिंकने (दोन सर्व्हरवरचे मेलबॉक्स जुळते ठेवणारं डोव्हकॉटचं साधन) जोडून ‘बॅकअप झाला’ असं मानू नका. 27 फेब्रुवारी 2011 ला जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के खात्यांचे मेल दिसेनासे झाले. गूगलकडे प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये होत्या, पण स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या बगने त्या सगळ्यांनाच गाठलं. मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप त्या सॉफ्टवेअरच्या पोहोचीबाहेर होती. 2019 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या व्हीएफईमेल या सेवेचं उलट झालं: हल्लेखोराने सर्व्हर फॉरमॅट केले आणि बॅकअपचे सर्व्हरही, कारण तिथपर्यंत त्याचा हात पोहोचत होता. तुमची दुसरी डिस्क त्याच मशीनमध्ये आहे, म्हणजे रूट (मशीनचे सर्वाधिकार) मिळालेल्या माणसाला दोन्ही एकाच वेळी मिळतात. बॅकअपचं मशीन वेगळं हवं आणि मेल सर्व्हरला तिथे फक्त भर घालता यावी, पुसता येऊ नये. बोर्गमध्ये त्यासाठी ‘अपेंड ओन्ली’ आहे.

बॅकअप फसल्याची सूचना त्याच मेल सर्व्हरवरून मागवू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेचा मुख्य डेटाबेस पुसला गेला तेव्हा कळलं की त्यांचा रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हता, आणि तसं सांगणारे मेल डीमार्कच्या (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे बघणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते. त्यांना तारलं ते कुणीतरी सहा तास आधी वेगळ्या कामासाठी घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने. सूचना एसएमएसवर किंवा टेलिग्रामवर घ्या, आणि ती ‘आज बॅकअप झाला’ अशी असू द्या, म्हणजे न आल्याचंही लक्षात येतं.

आणि दर तिमाहीत एक मेलबॉक्स, दर वेळी वेगळ्या माणसाचा, रिकाम्या मशीनवर पूर्ण परत आणून त्याच माणसाला उघडून बघायला लावा. फोल्डर, फ्लॅग, जुन्या अटॅचमेंट नीट आहेत का, हे त्याच्याइतकं कुणाला सांगता येत नाही.

आज रात्री 25 उघडायच्या आधी डोव्हकॉटची आवृत्ती इथे टाका, यूआयडीची नेमकी आज्ञा त्यावर ठरेल. मी जागा आहे.