गोळी चुकली नाही, मग बीपी कशानं वाढलं?

कोविडची टाळेबंदी उठल्यावर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं (एआरटी) मिळतात तिथे, हा प्रश्न वारंवार यायचा. "ताई, एकही गोळी चुकवली नाही. व्हायरल लोडही (रक्तातला विषाणू) दिसत नाही. मग बीपी कशानं वाढलं?"

विचारणारे भाऊ ४६ वर्षांचे, गोदामात हमाली करणारे (ओळखीचे तपशील बदलले आहेत). वजन ६१ वरून ६९ किलो, बीपी १५२/९६. आठवड्यानंही बीपी तेवढंच भरलं.

गोळ्या नेमानं घेतल्या हे मोठंच काम. पण विषाणू दबला तरी शरीरातला दाह पुरता विझत नाही. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीड ते दोन पट राहतो.

मग त्यांचा दिवस विचारला. मार्च २०२० पर्यंत घर ते गोदाम रोज पायी, शिवाय ओझी. याला त्यांनी कधी व्यायाम म्हटलंच नव्हतं, त्यामुळे तो बंद पडल्याचं जाणवलंही नाही. भाजीऐवजी लोणचं-पापड. दोन दिवस पुरणारी तंबाखूची पुडी एका दिवसात संपू लागली. आणि गर्दी टाळायला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या. ते योग्यच झालं, औषध तुटलं नाही. पण दरमहा होणारं वजन-बीपी मात्र तुटलं. आठ किलो वाढेपर्यंत काट्यावर उभं करायला कुणी नव्हतं. एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधानंही काहींचं वजन वाढतं. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

मिठाचा हिशेब घरीच होतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चौघांना किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. लोणचं-पापडातलं मीठ याच ५ ग्रॅममध्ये धरायचं, म्हणजे पिशवी त्याहून जास्तच टिकली पाहिजे. बीपी मोजताना चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, ५ मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या उंचीला ठेवा, मिनिटभरानं पुन्हा मोजा. चालणं आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतकं. तंबाखू सोडायला १८००११२३५६ वर मोफत मदत मिळते.

खाजगी दवाखान्यात अनेकजण एआरटी लपवतात. कृपा करून लपवू नका. रिटोनाविर हे एआरटीतलं औषध चालू असताना कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन दिली, तर ती रक्तात साचून स्नायूंना गंभीर इजा करते. डोल्युटेग्राविरसोबत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा डोसही सांभाळावा लागतो.

भाऊंना डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी बीपी १३४/८४, वजन ६६. पुडी पुन्हा दोन दिवसांवर आली आहे, सुटलेली नाही. पुढच्या भेटीत तिच्यावरच बोलायचं ठरलं आहे.