जुन्या स्कूटरला पीयूसी माफ असते का?

प्रश्न : वडिलांची 1984 ची चेतक आहे. वडील जाऊन चार वर्षं झाली, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर. पासिंग 2009 ला संपलं. आता गाडी दुरुस्त करून घेतली, पण नंबर जुना, एमएच 09 च्या आधीचा. पीयूसीवाला म्हणतो, 'सिस्टिममध्ये दिसत नाही.' मित्र म्हणतो, 'विंटेजला पीयूसी लागत नाही, बिनधास्त फिरव.' काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण सल्ला घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 115 प्रमाणे पीयूसीतून सूट मिळते ती पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष, म्हणजे कोऱ्या गाडीला! तुमच्या स्कूटरला वयाची सवलत मिळते ती वेगळ्या रूपात. मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपर्यंत चालतो. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला 3.5. म्हणजे चाचणी द्यायचीच, फक्त पेपर जरा सोपा. कार्बोरेटर आणि सायलेन्सर साफ करून घ्या, टू-टी ऑइल मापातच घाला, आणि इंजिन चांगलं तापल्यावरच नळी लावू द्या. सर्टिफिकेट सहा महिन्यांचं मिळेल.

'विंटेज' म्हणाल तर 2021 च्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांची हवी. तुमची 2034 मध्ये बसेल. तेव्हाही ती रॅली-प्रदर्शनापुरतीच. रोज मंडईत न्यायची सोय त्यात नाही.

खरी अडचण धुराची नाहीच, कागदांची आहे. पीयूसी आता 'वाहन' या सरकारी नोंदीशी जोडलेली आहे, म्हणून आधी आरटीओत 'बॅकलॉग एंट्री'चा, म्हणजे जुन्या गाडीची नोंद संगणकात चढवण्याचा, अर्ज द्या, सोबत मूळ आरसी बुक. इन्स्पेक्टर चेसिस नंबर ताडून बघतो. जाण्याआधी त्यावरचा गंज आणि रंग रॉकेलच्या फडक्याने पुसा. आकडा वाचता आला नाही म्हणून परत आलेले अशील मी पाहिलेत. दुसरं, मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम 56 सांगतो. मुदत उलटली आहे, पण दार बंद नाही. फॉर्म 31, मृत्यू दाखला, आणि आई-भावंडं असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. घरात गोडी असताना सह्या घेतलेल्या बऱ्या.

मग पीयूसी, विमा आणि फॉर्म 25 वर पाच वर्षांचं री-पासिंग. पर्यावरण कर भरावा लागेल. उशिराबद्दल दुचाकीला महिना 300 रुपये जादा आकार नियमात आहे, तेव्हा आणखी लांबवू नका.

पीयूसी नसताना पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. तुमच्याकडे तर पासिंगही नाही. आरटीओत गाडी टेम्पोत घालूनच न्या.